गिरणगावचे लाल प्रतिनिधी आणि कोकणचा मतदार

वाचकहो, १९५७ सालच्या लोकसभा निवडणुकीतली एक गंमत तुमच्या कधी ध्यानात आली आहे काय? त्या साली रत्नागिरी मतदारसंघातून जनसंघाचे प्रेमजीभाई आशर निवडून आले. शेजारच्या राजापूरमधून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. आणि मुंबईच्या गिरणगावातून कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे निवडून आले. तीन माणसे, तीन पक्ष, आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष! पण जरा घरात शिरून पाहा. आमच्या मिरजोळ्यासारख्या गावात म्हातारा बाप घर राखून बसलेला, थोरला मुलगा परळला साच्यावर, आणि बहीण दिलेली राजापुराकडे. बापाचे मत जनसंघाला, मुलाचे लाल बावट्याला, मेव्हण्याचे समाजवाद्याला. एकाच घरातली तीन मते तीन वाटांनी गेली, आणि तरी तिघांचीही समजूत अशी की आपण एकाच बाजूला मत दिले. ती समजूत खोटी नव्हती, कारण तिन्ही उमेदवार संयुक्त महाराष्ट्र समितीचे होते. त्यातही मौज अशी की मराठी राज्याच्या मागणीवर रत्नागिरीकरांनी निवडून दिले ते गुजराती नावाच्या गृहस्थांना.

आता या तिघांतल्या मधल्या मुलाकडे आपण जरा नीट पाहू. परळच्या त्या चाकरमान्याने कम्युनिस्टाला मत का दिले? तो कम्युनिस्ट होता काय? गणपतीला तो बोट पकडून गावी येत होता, शिमग्याला पालखी नाचवत होता, देवाला नारळ ठेवत होता, जमिनीच्या तुकड्यासाठी भावाशी भांडतही होता. मार्क्सच्या ग्रंथाचे नाव त्याने सभेत ऐकले असेल, एवढेच. मग हे मत आले कोठून? काही लोक म्हणतात, पुढाऱ्यांनी भुलवले. काही म्हणतात, कामगारवर्ग जागा झाला. मला ही दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. खरे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल, आणि वाटेत अमेरिकेलाही एक चक्कर मारावी लागेल.

मुंबईच्या गिरण्या कोकणच्या माणसांवर उभ्या राहिल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. आकडाही तसाच आहे. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही त्यातच. पुढे घाटावरची आणि उत्तरेकडची माणसे वाढली तसा हा हिस्सा उतरत गेला, पण गिरणगावाची बोली, खानावळ, भजन आणि भांडण यांवर कोकणचा ठसा राहिला तो राहिलाच. गावातून माणूस निघायचा तो कोणाचे तरी नाव घेऊन. अमुक गिरणीत आपल्या गावचा मुकादम आहे, तमुक चाळीत गावकीची खोली आहे. मुकादम नोकरी लावायचा आणि त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. त्याची मर्जी गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला तरी फाटकातून आत घेणार कोण? पहिली पाळी, दुसरी पाळी असे आळीपाळीने एकाच पथारीवर झोपणारे दहा-बारा जण, आणि खोली मात्र एकाच्याच नावावर.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, बरं का. खोली एकाच्या नावावर असल्याने महानगरपालिकेत मतही फार तर एकाचे. जुन्या मुंबईत पालिकेचे मत घरभाड्यावर आणि करावर अवलंबून होते. बाकीचे दहा जण कागदोपत्री मुंबईत नव्हतेच! शहर त्यांच्या घामावर चालत होते, पण शहराच्या कारभारात त्यांना तोंड नव्हते. वयात आलेल्या प्रत्येकाला पालिकेत मत मिळाले ते स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या निवडणुकीत.

मत नव्हते तेव्हा या माणसाच्या हाती एकच हत्यार होते, ते म्हणजे संप. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. दीड लाखाच्या आसपास माणसे घरी बसली, म्हणजे खरे तर गावी आली. कोकणाने त्यांना पावसाळाभर पोसले, नाचणीच्या भाकरीवर आणि उधारीवर. त्या संपातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्षअखेर तिच्या सभासदांची संख्या पन्नास हजारांवर गेली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही शिकलेली मंडळी होतीच, पण अर्जुन आत्माराम आळवे आणि कासले हे गिरणीतलेच कामगारही पुढाऱ्यांच्या ओळीत होते. कम्युनिस्टांनी गिरणीगिरणीत समित्या केल्या. मुकादमाखेरीज दुसऱ्या कोणाकडे गाऱ्हाणे नेता येते, ही गोष्ट कामगाराला पहिल्यांदा कळली ती तेथे. माझ्या मते लाल बावट्याची सारी पुण्याई या एका गोष्टीत आहे. बाकीचे तत्त्वज्ञान नंतरचे.

मात्र एक उणे सांगितलेच पाहिजे. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार बरा होता आणि तेथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नव्हता. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी त्या संपाच्या काळातच युनियनच्या पुढाऱ्यांना विचारले की तुमच्या मागण्यांत ही मागणी का नाही? मालकाच्या जुलमाविरुद्ध एक झालेले हात जातीच्या भिंतीपाशी आखडत होते, आणि लाल पुढाऱ्यांनी तेथे फार जोर लावला असे दिसत नाही. या प्रश्नाचे पडसाद पुढे निवडणुकीत कसे उमटले ते येईलच.

सरकारने काय केले? २० मार्च १९२९ रोजी देशभरातून कामगार पुढाऱ्यांना पकडले आणि मीरत येथे त्यांच्यावर कटाचा खटला भरला. डांगे, मिरजकर, आळवे, कासले सगळे त्यात. खटला जवळजवळ चार वर्षे चालला. डांग्यांना १९३३ च्या जानेवारीत बारा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी अपिलात ती तीन वर्षांवर आली. १९३४ साली सरकारने कम्युनिस्ट पक्षच बेकायदा ठरवला.

येथे एक चमत्कारिक आठवण सांगतो. मुंबईत जन्मलेला पहिला कम्युनिस्ट लोकप्रतिनिधी गिरणगावाने निवडून दिलेला नव्हे. तो लंडनने निवडून दिला! शापूरजी सकलातवाला हे मुंबईचे पारशी गृहस्थ, जमशेटजी टाटांच्या बहिणीचे चिरंजीव. मामाच्या गिरण्या आणि लोखंडाचे कारखाने, आणि भाचा विलायतेत जाऊन कामगारांच्या बाजूला! लंडनच्या बॅटर्सी भागातून ते १९२२ साली ब्रिटिश पार्लमेंटात गेले ते मजूर पक्षाच्या नावावर, आणि १९२४ साली उघडपणे कम्युनिस्ट म्हणून. १९२९ साली ते पडले. म्हणजे जे ब्रिटिश सरकार मुंबईच्या कम्युनिस्टांना मीरतला गजाआड घालत होते, त्याच सरकारच्या पार्लमेंटात एक मुंबईकर कम्युनिस्ट बसून गेला होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू, कारण रत्नागिरीची गोष्ट याहून कमी चमत्कारिक नाही. १९३७ साली प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुका झाल्या. मत सर्वांना नव्हते. सारा, भाडे, शिक्षण अशा अटी होत्या. तरीही रत्नागिरी जिल्ह्यात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने चांगलीच बाजी मारली आणि निवडून आलेल्यांत शामराव परुळेकर होते. परुळेकर तेव्हा नामदार गोखल्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे. कुळांनी त्यांना मत का दिले हे कोकणात सांगायला नको. खोत! वाडवडिलांच्या काळापासून कूळ कसत आले, आणि भात खोताच्या कोठारात. वर वेठ निराळी. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोती बंद करण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी वीस-पंचवीस हजार शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. कोकणातून बोटीने भरभरून माणसे गेली होती. त्या मोर्चाच्या पुढाऱ्यांत बाबासाहेब होते, इंदुलाल याज्ञिक होते आणि आपले परुळेकरही होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, तेव्हा बाबासाहेबांचा पक्ष आणि कम्युनिस्ट हे एका व्यासपीठावर होते. आणि १९३९ साली शामराव परुळेकर आणि त्यांच्या पत्नी गोदावरीबाई कम्युनिस्ट पक्षात गेले.

म्हणजे पाहा, रत्नागिरीने कम्युनिस्ट निवडून दिला नाही, पण रत्नागिरीने निवडून दिलेला माणूस कम्युनिस्ट झाला. मतदारांनी त्याला पाठवले होते खोताविरुद्ध. तो कोणत्या पक्षात गेला यापेक्षा खोती गेली की नाही हा त्यांचा सवाल. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यान्वये, काँग्रेसच्या राज्यात. त्यानंतर कोकणच्या गावात लाल बावट्याला धरून राहण्याचे मोठे कारण उरले नाही. लोकसभेवर रत्नागिरीने किंवा राजापूरने कधी कम्युनिस्ट पाठवला नाही. परुळेकर दांपत्य पुढे ठाणे जिल्ह्यात वारल्यांमध्ये जाऊन राहिले. तेथे लग्नापायी घेतलेल्या कर्जात माणूस जन्मभर सावकाराचा गडी होत असे. १९४५ चा वारल्यांचा उठाव, तळवाड्याचा गोळीबार, ही सारी कथा गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे आणि त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिकही मिळाले. १९५७ मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर गेले. साताऱ्यातून त्याच साली क्रांतिसिंह नाना पाटील गेले, तेही कम्युनिस्ट म्हणूनच.

पण आपण गिरणगाव सोडून पुढे आलो. मागे जाऊ या.

युद्ध आले. रशिया युद्धात पडल्यावर कम्युनिस्टांनी ते लोकयुद्ध ठरवले, सरकारने १९४२ च्या जुलैत पक्षावरची बंदी उठवली, आणि दुसऱ्याच महिन्यात गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. सारा देश तुरुंगात जात असताना हे मात्र उत्पादन वाढवा म्हणून सांगत होते. हा डाग त्यांच्या अंगावरून पुष्कळ वर्षे गेला नाही. तरीही १९४६ साली कामगारांसाठी राखलेल्या जागेवरून डांगे मुंबईच्या विधानसभेत गेले. देशभर रोष असताना गिरणीवाल्याने त्यांना धरून ठेवले, हे विसरू नका.

आणि नेमकी येथेच, माझ्या मते, सगळ्या कोड्याची किल्ली आहे. १९४६ साली मुंबई प्रांतात औद्योगिक संबंधांचा एक कायदा झाला. त्या कायद्याने एका धंद्यातल्या कामगारांची एकच प्रातिनिधिक संघटना मानायची. मालकाशी बोलणी करील ती तीच, करार करील ती तीच. आता ही संघटना कोणती, ते कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरावे की नाही? तसे नव्हते. ते ठरायचे सभासदांच्या नोंदीवरून. काँग्रेसच्या मंडळींनी राष्ट्रीय मिल मजदूर संघ काढला आणि हा मान त्याला मिळाला तो दशकानुदशके त्याच्याकडे राहिला. लाल बावट्यामागे माणसे होती पण अधिकार नव्हता. मिल मजदूर संघाकडे अधिकार होता, आणि माणसे किती ते मोजायची सोय नव्हती. लाल पुढारी ओरडून सांगत राहिले, मतपेटी ठेवा, गिरणीच्या दारात ठेवा, होऊन जाऊ द्या! मतपेटी आली नाही.

मग कामगाराने काय केले? गिरणीत मत नाही, पण वॉर्डात आहे. विधानसभेला आहे, लोकसभेला आहे. तेथे त्याने आपली युनियन निवडली. पालिकेच्या मतपेटीत त्याने जे टाकले ते नळाच्या पाण्यासाठी किंवा गटारासाठी नव्हते, निदान नुसते त्यासाठी नव्हते. गिरणीच्या दारात जे बोलू दिले नाही ते तो वॉर्डात बोलला. गावी असता तर त्यानेच कदाचित नाथ पैंना मत दिले असते, आणि तेही मनापासून दिले असते. माणूस तोच, पण परळला त्याचा वैरी निराळा होता.

हेही खरे की हे मत कधी एकसंध नव्हते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई शहर उत्तर या दोन जागांच्या मतदारसंघात बाबासाहेब आंबेडकर, समाजवादी अशोक मेहता आणि डांगे असे तिघेही उभे होते. कम्युनिस्टांनी बाबासाहेबांच्या विरोधात प्रचार केला. निकाल काय लागला? तिघेही पडले! काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण काजरोळकर निवडून आले. घटना लिहिणारा माणूस पहिल्याच लोकसभेच्या दाराबाहेर राहिला, आणि त्यात गिरणगावच्या फुटीचा वाटा होता. साचेखात्याच्या दारातली ती भिंत येथे मतपेटीतून दिसली.

पाच वर्षांत पारडे पालटले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. १९५६ च्या जानेवारीत तर गिरणगावाच्या गल्ल्यांत गोळ्या चालल्या. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, कम्युनिस्ट, जनसंघ असे सारे एका गाडीत बसले. कामगाराच्या लेखी आता युनियन आणि महाराष्ट्र ही एकच गोष्ट झाली: मालक आणि मुंबई वेगळी मागणारे हे एकच, असे त्याला दिसले. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांनी डफावर थाप मारली की उरलेसुरले गैरसमज त्या आवाजात बुडून जात. १९५७ मध्ये मुंबई शहर मध्य या दोन जागांच्या मतदारसंघातून डांगे निवडून आले आणि दुसऱ्या जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांना पाडले त्यांनी आता एकमेकांना तारले. फक्त ते पाहायला बाबासाहेब उरले नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले.

पालिकेतही समितीचे बहुमत झाले आणि १९५८ साली शांताराम सावळाराम मिरजकर मुंबईचे महापौर झाले. मीरतच्या कटातला आरोपी बोरीबंदरासमोरच्या त्या दगडी इमारतीत महापौराच्या खुर्चीवर! याच शहरातून त्यांना बेड्या घालून नेले होते. गिरणगावात त्या वेळी किती कौतुक झाले असेल ते वेगळे सांगायला नको. पण महापौराच्या हाती होते काय? १८८८ च्या कायद्याप्रमाणे मुंबईचा कारभार चालवणार कमिशनर, आणि तो नेमणार सरकार. महापौराने सभा चालवायची, पाहुण्यांना हार घालायचे, आणि वर्ष संपले की खुर्ची दुसऱ्याला द्यायची. तेव्हा मिरजकरांच्या महापौरपदाने मुंबई लाल झाली असे ज्यांना वाटले, किंवा होईल अशी ज्यांना धास्ती पडली, त्या दोघांनीही कायदा वाचला नव्हता.

हे सारे चालू असताना तिकडे अमेरिकेत काय होते? अमेरिकेत कम्युनिस्ट कधी निवडून आलेच नाहीत, अशी आपली समजूत असते. तसे नाही. न्यूयॉर्क शहराच्या कौन्सिलवर ब्रुकलिन भागातून पीटर काकियोने १९४१ साली निवडून आले, आणि हार्लेममधून १९४३ साली बेंजामिन डेव्हिस. काकियोने इटालियन वस्तीतले. डेव्हिस हे निग्रो समाजातले, हार्वर्डला कायदा शिकलेले वकील. त्यांचे मतदारही परळसारखेच होते: दुसऱ्या मुलखातून पोटासाठी आलेले, गोदीत, शिवणकारखान्यात राबणारे, घरभाड्याने पिचलेले. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये मतदानाची एक निराळी पद्धत होती. मतदाराने पहिली पसंती, दुसरी पसंती असे आकडे घालायचे, जसे आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार घालतात. या पद्धतीत लहान पक्षालाही मतांच्या मानाने जागा मिळते. मग काय झाले? १९४७ च्या नोव्हेंबरात लोकमत घेऊन ती पद्धतच रद्द केली. कम्युनिस्ट कौन्सिलात येतात, हे त्या प्रचाराचे मोठे कारण होते. काकियोने त्याच महिन्यात वारले. डेव्हिस यांच्यावर पक्षाच्या इतर दहा पुढाऱ्यांबरोबर खटला भरला. सरकार उलथण्याची शिकवण देण्याचा कट केला, असा आरोप. १९४९ साली ते दोषी ठरले, निवडणूक हरले आणि मुदत संपायच्या आत त्यांना कौन्सिलमधून काढण्यातही आले. पुढे तुरुंग.

तुलना करून पाहा. न्यूयॉर्कचा डेव्हिस सभागृहातून तुरुंगात गेला. मुंबईचा मिरजकर तुरुंगातून सभागृहात आला. यावरून आपण फार छाती फुगवू नये, कारण १९४८ नंतर आपल्या सरकारनेही डांग्यांसह कम्युनिस्टांना स्थानबद्ध केले होते, १९६२ च्या चीन युद्धानंतर पुन्हा शेकडो जणांना पकडले, आणि केरळात १९५७ साली निवडून आलेले नंबुद्रिपादांचे मंत्रिमंडळ १९५९ मध्ये दिल्लीने बरखास्त केले. पण मुंबईत लाल प्रतिनिधींना कायद्याने दार बंद झाले नाही, हे खरे. त्यांना दार बंद केले ते मतदारांनी. आणि एकदा, मात्र, शस्त्राने.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि समितीचे काम संपले. ज्याच्यासाठी गाडीत बसलो ते गाव आले, तेव्हा उतारू आपापल्या वाटेने गेले. १९६२ मध्ये डांगे पडले, १९६७ मध्ये मुंबई मध्य दक्षिणेतून पुन्हा आले. मधल्या काळात, १९६४ मध्ये, पक्ष दुभंगला. आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना निघाली. गिरणीवाल्याचा मुलगा एव्हाना मॅट्रिक झाला होता. त्याला बापाचा साचा नको होता, कचेरीतली खुर्ची हवी होती, आणि ती खुर्ची दुसऱ्या प्रांतातून आलेल्याने घेतली आहे असे त्याला सांगितले जात होते. लाल बावट्याकडे बापासाठी बोनसची मागणी होती. मुलासाठी काय होते? माझ्या मते फारसे काही नव्हते. ही उणीव पुढाऱ्यांना उशिरा कळली, किंवा कळूनही त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

कृष्णा देसाई हे लालबाग-परळचे कम्युनिस्ट. अनेक वर्षे नगरसेवक, १९६७ पासून आमदार. पोथीपेक्षा गल्ली जास्त ओळखणारा माणूस, आडदांडही होता म्हणतात, पण रात्री-अपरात्री हाक मारली की येणारा. ५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये त्यांचा खून झाला. बोट शिवसेनेकडे दाखवले गेले, खटला चालला, शिक्षाही झाल्या. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली. कम्युनिस्टांकडून त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, शिवसेनेकडून वामनराव महाडिक. महाडिक १,६७९ मतांनी निवडून आले आणि शिवसेनेचे पहिले आमदार झाले.

या निकालाने मी अनेकदा थबकलो आहे. विधवा बाई दाराशी येऊन मत मागते, नवऱ्याचे रक्त अजून त्या गल्लीत वाळलेले नाही, आणि तरी त्याच चाळींनी, त्याच कोकणी घरांनी मत फिरवले. सगळ्यांनी नव्हे, फरक लहान होता, आणि प्रत्येक खोलीत त्या दिवशी बाप आणि मुलगा यांचे मत वेगळे पडले असेल असे मला वाटते. हे निर्दयपण होते काय? तशी भाषा मला करवत नाही. १९३७ मध्ये कोकणच्या कुळाने खोताविरुद्ध मत दिले, १९५७ मध्ये गिरणीवाल्याने मालक आणि द्वैभाषिकाविरुद्ध मत दिले, आणि १९७० मध्ये त्याच्या मुलाने, चूक असो की बरोबर, आपल्या बेकारीविरुद्ध मत दिले. पण खून पचवून मत दिले गेले, ही गोष्ट काही त्यामुळे हलकी होत नाही.

नंतरचे थोडक्यात सांगतो. १९७४ च्या जानेवारीत डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे काँग्रेसच्या रामराव आदिकांना हरवून लोकसभेवर गेल्या. शिवसेनेचा पाठिंबा आदिकांना होता, आणि दलित पँथरने बहिष्कार पुकारला होता. वरळीची दंगल त्याच दिवसांतली. पण पुढच्याच वर्षी आणीबाणी आली आणि डांग्यांच्या पक्षाने तिची पाठराखण केली. गिरणगावाने १९७७ मध्ये त्याचे माप पदरात घातले. त्याच निवडणुकीत दुसऱ्या कम्युनिस्ट पक्षाच्या, म्हणजे मार्क्सवाद्यांच्या, अहिल्या रांगणेकर मुंबई उत्तर-मध्यमधून निवडून आल्या. त्या १९६१ पासून मुंबईच्या नगरसेविका होत्या. आणीबाणीत ज्यांना तुरुंग भोगावा लागला त्यांना मत, आणि जे सरकारच्या बाजूला बसले त्यांना नाही.

मतपेटीची ती जुनी मागणी मात्र तशीच राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हाही एक मुख्य मागणी हीच होती की मिल मजदूर संघाची मान्यता काढा, तो कायदा बदला. सामंत कम्युनिस्ट नव्हते. पण संप मोडल्यावर, १९८४ च्या निवडणुकीत, जेव्हा देशभर काँग्रेसची लाट होती, तेव्हा गिरणगावाने त्यांना लोकसभेवर पाठवले. गिरणीच्या दारात नाकारलेले मत पुन्हा एकदा सार्वत्रिक निवडणुकीच्या पेटीत पडले. फक्त या वेळी मत मिळाले आणि गिरणी गेली. कामगार बिऱ्हाड बांधून गावी परतले, काही रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांतही आले. आमच्या मिरजोळ्याच्या माळावर आज औद्योगिक वसाहत आहे. तेथे कामाला जाणाऱ्या पुष्कळांचे आजोबा परळच्या भोंग्यावर उठलेले असतील.

परळ-लालबागमध्ये आता गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत. महाराष्ट्रात लाल बावटा टिकला तो परुळेकर पती-पत्नी जेथे जाऊन राहिले त्या बाजूला. १९७७ मध्ये डहाणूतून लहानू कोम लोकसभेवर गेले, आणि विधानसभेला २०१९ मध्ये व २०२४ मध्येही डहाणूनेच मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले यांना निवडून दिले.